दोनच्या गाडीचं औषध

अक्का,

परवा रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत मी हसलो. खुदकन हसू फुटलं, आवरेना, शेवटी खोकल्याचं सोंग करून बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो. झालं असं, की आपल्या रुग्णालयाचे नवे विश्वस्त बोलायला उठले आणि म्हणाले, "शकुंतलाबाईंनी आयुष्यभर रुग्णांच्या वेदनेवर मायेची फुंकर घातली." पांढऱ्या साड्यांतल्या बायकांनी माना डोलावल्या. तुमच्या धाकट्या बहिणीनं डोळे पुसले. आणि माझ्या कानात तुमचा आवाज आला, थेट औषधखोलीतल्या काउंटरवरून यायचा तसा: "फुंकर घालून हाडाचं दुखणं जातं का रे वसंता? मग आपण कशाला इथे बाटल्या धूत बसलोय?"

तर हा लेख मी त्या फुंकरीविरुद्ध लिहितोय. माया, ममता, सेवा असलं काही तुमच्या नावाला चिकटवलेलं तुम्हाला खपायचं नाही. "मी फार्मासिस्ट आहे," एवढंच म्हणायचात. पण ते असं म्हणायचात, की समोरच्याला वाटावं बाई कलेक्टर आहे.

मला तर पहिल्या दिवशी तुमचा रागच आला होता. जळगावहून डिप्लोमा करून मी धुळ्याच्या आपल्या त्या धर्मादाय रुग्णालयात रुजू झालो, नवी इस्त्रीची पँट, खिशाला पेन. वाटलं, चिठ्ठ्या वाचायच्या, गोळ्या द्यायच्या, पाचला घरी. तुम्ही मला काउंटरच्या आत येऊच दिलं नाहीत. बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलंत. तिथे पोटाचा कर्करोग झालेले एक गृहस्थ आडवे झाले होते. "यांच्या शेजारी अर्धा तास बस आणि कूस किती वेळा बदलतात ते मोज." मी म्हटलं, हे काय काम आहे? "हेच काम आहे," तुम्ही म्हणालात. मी मोजलं. सतरा. मग तुम्ही छोट्या मापानं त्यांना औषध पाजलंत, पाऊण तास जाऊ दिलात आणि मला परत बसवलंत. दुसऱ्या अर्ध्या तासात दोन. त्यातली एक कूस तर माझ्याकडे बघून "चहा घेतला का?" असं विचारायला बदलली होती.

ते औषध म्हणजे मॉर्फिन. अफूपासून होणारं, म्हणून नाव काढलं तरी लोक कानावर हात ठेवायचे. डॉक्टरसाहेब चिठ्ठी लिहायचे, तुम्ही पावडर तोलून पाण्यात विरघळवून बाटल्या भरायचात. कडूजहर लागतं म्हणून त्यात साखरेचा पाक घालायचा, पण तोंडात जखम असलेल्याला कुठली चव सोसेल आणि कुठली झोंबेल हे तुम्ही माणसागणिक ठरवायचात. आणि या औषधानं पोट जाम होतं, म्हणून प्रत्येक बाटलीसोबत सोनामुखीच्या गोळ्या. भरल्या व्हरांड्यात तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: "पोट साफ जयं का?" नव्या सुना लाजेनं पदर तोंडाला लावायच्या. एकदा एका मुख्याध्यापकांनी हळूच सांगितलं, "बाई, जरा हळू विचारा." तुम्ही म्हणालात, "हळू विचारते गुरुजी. पण जयं का?"

तुम्ही पेशंटशी अहिराणीत बोलायचात, माझ्याशी पुस्तकी मराठीत, आणि रागावलात की दोन्हीत. मी पडलो एदलाबादकडचा, आमची बोली वेगळी. मी अहिराणी बोलायला गेलो की तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. "वसंता, तू आपलं मराठीच बोल. त्यांना आधीच दुखतंय."

आपलं खरं भांडण चिठ्ठीवरून. डॉक्टरांच्या नव्हे, तुमच्या. हे औषध दर चार तासांनी घ्यायचं असतं, दुखो वा न दुखो. दुखणं उठल्यावर घेतलं तर ते दुखण्याच्या मागे पळत राहतं. आधीच घेतलं तर दुखणं डोकंच वर काढत नाही. इतपत मलाही शिकवलेलं होतं. मी लेबलवर लिहायचो: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, झोपताना दुप्पट. झालं काम. तुम्ही ते लेबल नखानं खरवडून काढायचात. "त्यांच्या घरात घड्याळ कुठंय?" मग पेशंटच्या घरच्यांना समोर बसवून एकेक विचारत जायचात. तुमच्या गावात सकाळी आधी काय होतं? दुधाची सायकल येते. मग? मग शाळा भरते. दुपारी? दोनची गाडी येते. संध्याकाळी? गुरं परत येतात. आणि चिठ्ठीवर तेच लिहायचात. वाचता येत नसेल तर चित्र काढायचात. तुमची गाय कुत्र्यासारखी दिसायची, पण कुणी तक्रार केली नाही.

मी म्हणायचो, अक्का, हा काय पोरखेळ आहे, प्रत्येक घराला एक गजराचं घड्याळ द्या, वर्गणी काढू. तुम्ही म्हणायचात, घड्याळाला चावी कोण देईल? सून शेतात, सासू आंधळी. गाडीला कुणाला चावी द्यावी लागत नाही, ती आपली आपण येते. मी म्हणायचो, आणि एखाद्या दिवशी नाही आली तर? तुम्ही म्हणायचात, दहा वर्षं मी त्या रस्त्यानं जातेय, येते. असं आपलं वर्षभर चाललं. मला वाटायचं बाई हट्टी आहे. तुम्हाला वाटायचं पोरगं शहाणपण पाजळतंय. दोघांचंही खरं होतं.

मग तो नवा कायदा आला. गर्द म्हणजे ब्राउन शुगरच्या बातम्या रोज पेपरात, मुंबईत पोरं वाया चाललीत, आणि सरकारनं अफूच्या सगळ्या औषधांवर फास आवळला. जिथे आधी एक परवाना पुरायचा तिथे चार-चार लागायला लागले. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा येत नसे. बऱ्याच ठिकाणी लोकांनी कटकट नको म्हणून मॉर्फिन ठेवणंच सोडलं. तुम्ही सोडलं नाहीत. नाशिकला गेलात, मुंबईला गेलात, दशम्यांचं फडकं आणि फाइल एकाच पिशवीत. आपल्या गावात मात्र कुणीतरी आवई उठवली, की धर्मादायच्या औषधखोलीत अफू वाटतात, माणसं घरी नेतात, खाटेवर नशेत पडून राहतात.

त्यावर चौकशीला ते इन्स्पेक्टरसाहेब आले. माणूस वाईट नव्हता. गोरा, चष्मेवाला, तपकिरी सफारी, बोलणं मऊ. कपाट बघितलं, दुहेरी कुलूप बघितलं, रजिस्टर बघितलं, कुठे बोट ठेवायला जागा सापडली नाही. मग म्हणाले, "बाई, तुमचं काम चोख आहे. पण घरी बाटल्या देणं मला पटत नाही. दवाखान्यात ठेवून द्या, कोण नाही म्हणतंय? घरी देणं बंद करा, अशीच मी शिफारस करणार."

तेव्हा अठरा घरांत आपली बाटली होती. अठरा माणसं, आणि सगळ्यांचं एकच मागणं, की जे काय व्हायचं ते आपल्या घरात, आपल्या खाटेवर होऊ दे. आपल्याकडे खाटा होत्या सहा. साहेबांनी शिफारस केली असती तर बारा जण विनाऔषध घरी पडले असते, आणि उरलेले सहा घराकडे डोळे लावून. हे तुम्हाला कळत होतं, मला कळत होतं, साहेबांना कळवायचं कसं हा प्रश्न होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "साहेब, शिफारस करा. पण आधी एक घर बघा."

आणि घर निवडलंत धुडकू आबांचं. मी मनात म्हटलं, छान. आबा म्हणजे आपलं हुकमाचं पान. साक्रीच्या रस्त्याला त्यांचं गाव, आणि पंचक्रोशीत लग्न असो की मुंज, भरीत आणि वरण-बट्टीला आबाच. पाचशे पान उठवणारा आचारी. कर्करोग मणक्यात उतरल्यापासून खाटेवर होते, पण औषध लागू पडल्यावर खाटेवरूनच घरातल्या फोडणीचा वास घेऊन सुनेला सूचना करायचे. साहेब बघतील, शांत, हसरा म्हातारा. आपलं काम फत्ते.

जीप साहेबांच्या खात्याची. तुम्ही पुढे बसायला नकार दिलात, मागे माझ्याशेजारी बसलात, पिशवी मांडीवर. अर्ध्या वाटेवर निंबाखाली एक बस उभी दिसली. मागचं चाक काढलेलं, ड्रायव्हर-कंडक्टर घामाघूम, उतारू सावलीत बसून शेंगा खात होते. मी म्हटलं, "बरं झालं अक्का आपण जीपनं आलो, नाहीतर आपणही इथे शेंगा सोलत बसलो असतो." तुमच्याकडे पाहिलं तर चेहरा उतरलेला. तुम्ही मनगट वळवून घड्याळ बघितलंत. तीन वाजून गेले होते. मग पुढे वाकून जीपच्या ड्रायव्हरला म्हणालात, "भाऊ, जरा जोरात घ्या." मला तेव्हाही उजेड पडला नव्हता.

आबांच्या दाराशी जीप थांबायच्या आधीच आवाज ऐकू आला. दात आवळून माणूस ओरडणं गिळतो तेव्हा नाकातून जो येतो तो आवाज. आत आबा खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही मुठींत खाटेची नवार, अंगावरचा सदरा घामानं भिजलेला. सून डोक्याशी पंखा घेऊन बसलेली, रडून डोळे सुजलेले. आणि त्यांच्या उशाशी कोनाड्यात, हात लांब केला तर लागेल अशी, आपली बाटली. माप त्यावर उपडं घातलेलं. स्वच्छ धुतलेलं.

"दुपारचं औषध दिलं नाही का?" मी ओरडलोच.

सून तुमच्याकडे बघत म्हणाली, "गाडीच उनी नही अक्का. मंग दवाई कशी देवानी?"

अक्का, त्या क्षणी मला तुमचा एवढा राग आला, की काय सांगू. एवढे दिवस मी हेच म्हणत होतो, एखाद्या दिवशी गाडी आली नाही तर? आणि झालं तेही कधी, तर साहेब मागे दारात उभे असताना. शांत हसरा म्हातारा दाखवायला आणलं आणि दाखवलं काय. मला वाटलं, गेलं. अठराच्या अठरा घरं गेली.

तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. माप भरलंत, आबांची मान हातावर घेतलीत, घोट घोट पाजलंत. मग वळलात. "साहेब, बसा. हातात घड्याळ आहे ना? आबा कूस किती वेळा बदलतात ते मोजा." तेच, जे माझ्या पहिल्या दिवशी मला सांगितलं होतंत, त्याच आवाजात. आणि तो सरकारी माणूस मुकाट्यानं पोत्यावर बसला आणि मोजायला लागला. आधी त्याचे ओठ हलत होते. मग हळूहळू हलायचे थांबले, कारण मोजायला काही उरेना. पाऊण तासात आबांच्या मुठी सुटल्या. गुडघे सरळ झाले. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, डोळे उघडले, खोलीत परका माणूस दिसला आणि पहिलं वाक्य काय तर, "पाव्हण्याले पानी दिधं का?"

साहेब पुढे सरकले. त्यांनी कोनाड्याकडे बोट केलं. "आबा, बाटली तर तुमच्या हाताशी होती. एवढं दुखत होतं, मग घेतली का नाही?"

आबांना प्रश्नच कळला नाही. ते सुनेकडे बघायला लागले, हा काय विचारतोय म्हणून. मग लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "गाडी नव्हती उनी ना साहेब."

साहेबांनी बोट खाली घेतलं. आबा मात्र सुटले. पाव्हणा बिनजेवणाचा जातो म्हणजे काय? "जेवीसन जा साहेब." सुनेनं चुलीत वांगी घातली. आबांनी खाटेवरून हुकूम सोडले, वांगं अजून फिरव, देठाकडे कच्चं राहिलंय, शेंगदाणे नंतर. आणि शेवटी, "मिरच्या कमी टाक, साहेब मुंबईकडना." साहेब पत्रावळीवर बसून भरीत-भाकरी जेवले. नाकातून पाणी आलं, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आबा त्यांच्याकडे असे बघत होते, जसं काही त्या एकट्याच्या रूपानं पाचशे पान उठलं.

परतताना ती बस तिथेच निंबाखाली होती. चाक नुकतंच बसवत होते. साहेबांनी जीप थांबवली, खाली उतरले, कंडक्टरला विचारलं, "कितीची गाडी ही?" "दोनची होती साहेब." साहेब परत येऊन बसले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "म्हणजे दीड तास," ते म्हणाले. "दीड तास बाटली उशाशी ठेवून तो माणूस..." गावाजवळ आल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी नशेबाज खूप पाहिलेत बाई. त्यातला एकही गाडीची वाट बघत थांबला नसता."

त्यांनी काय लिहिलं ते पुढे परवान्यासोबत आलं. घरी देण्याला हरकत नाही, नोंद ठेवावी, उरलेलं औषध परत घ्यावं. बस्स. अठरा घरं शाबूत.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. साहेबांची जीप वळली तसा मी धावत कोपऱ्यावर गेलो, अर्धा किलो जिलेबी घेतली, गरम, कागद तुपानं ओला. औषधखोलीत आलो तर तुम्ही खाली मान घालून बसलेल्या. म्हटलं, "अक्का, जिंकलो." तुम्ही वर बघितलंत आणि मला आयुष्यात कधी कुणी झापलं नाही तसं झापलंत. "माझ्या चिठ्ठीपायी एक माणूस दीड तास तळमळला आणि तू जिलेबी आणतोस?" मीही काही कमी नव्हतो. मी म्हटलं, "तळमळला म्हणून तर वाचलो. गाडी वेळेवर आली असती तर साहेबांना झोपलेला म्हातारा दिसला असता, आणि म्हणाले असते, बघा नशेत पडलाय." तुम्ही म्हणालात, "एकाला तळमळवून बाकीच्यांना वाचवायचं असेल तर तो धंदा मला नको." आणि चिठ्ठ्यांचं पॅड उचलून टराटरा फाडलंत. दुधाच्या सायकली, घंटा, कुत्र्यासारख्या गायी, सगळं टोपलीत.

त्या दिवशी माझ्या खिशात एक कागद होता. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. जळगावला सराफ बाजाराजवळच्या एका मोठ्या मेडिकलनं मला बोलावलं होतं, पगार जवळपास दीडपट, आणि तुमच्यासारखं डोक्यावर बसणारं कुणी नाही. राजीनामा लिहून आठ दिवस खिशात बाळगत होतो. पॅड फाटलेलं, लिहायला दुसरा कागद नव्हता, म्हणून तोच काढला, उलटा केला आणि त्यावर लिहिलं: 'दोनची गाडी आली की औषध.' त्याखाली लिहिलं: 'नाही तर, ओसरीची सावली उंबऱ्याला लागली की.' आबांच्या घरात मी दुपारी बघून ठेवलं होतं. जीपमधून उतरलो तेव्हा सावली उंबरा ओलांडून कधीच पुढे गेली होती. कागद तुमच्या पुढ्यात सरकवला. तुम्ही वाचलात. खूप वेळ वाचलात. मग म्हणालात, "अक्षर सुधार." आणि त्या दिवसापासून आपल्या प्रत्येक चिठ्ठीला दोन ओळी झाल्या. एक खूण, आणि तिच्याखाली 'नाही तर'.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या गावाला पहिल्या गाडीनं तुम्ही गेलात, नवी चिठ्ठी घेऊन. आबांची माफी मागितलीत म्हणे. त्यांच्या सुनेनं मला सांगितलं. आबांना कशाची माफी तेच कळलं नव्हतं. आणि गार जिलेबी तुम्ही दुपारी चहात बुडवून खाल्लीत, मला न विचारता, सगळी.

आबा त्यानंतर चार महिने होते. नातीच्या लग्नात त्यांची खाट चुलवणाजवळ टाकली होती, आपण दोघं गेलो होतो. हातात पळी काठीसारखी धरून पाचशे पानाचं भरीत त्यांनी बसल्या जागी उठवलं. दोन वाजता गाडीचा भोंपू ऐकू आला तशी सून माप घेऊन गर्दीतून वाट काढत आली. वरमाय थांबली, वऱ्हाड थांबलं, आबांनी औषध घेतलं आणि पळीनं खूण केली, चालू द्या. तुमच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं. तुम्ही म्हणालात, मिरचीचा धूर आहे. धूर होता, हे खरं. ते गेल्यावर सून बाटली परत द्यायला आली, तळाशी दोन मापं उरलेली, वर उपडं माप, स्वच्छ धुतलेलं. दोनच्या गाडीनं आली होती.

मी जळगावला गेलो नाही. कारण मात्र तुम्हाला सांगितलं नाही, आणि तुम्ही विचारलं नाहीत. पुढे निवृत्त होऊन तुम्हीच जळगावला गेलात, बहिणीकडे. आणि यंदा थंडीत तिचा फोन आला, अक्का हाड दुखतंय म्हणते, तपासणीत कर्करोगच निघाला, तुलाच बोलाव म्हणते.

आलो तेव्हा तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो असा: "औषध आणलंस की फुंकर घालायला आलास?" म्हणून तर परवा हसू फुटलं. डॉक्टरांची चिठ्ठी झाली, बाटली मी स्वतः भरली, पाक कमी घातला, तुम्हाला गोड आवडत नाही. भिंतीवर चांगलं मोठं घड्याळ होतं तुमच्या बहिणीकडे. मी लेबलवर तास लिहायला घेतले आणि तुम्ही नख पुढे केलंत. मग बसलो दोघं तुमची चिठ्ठी करायला. सकाळी दाल मिलचा भोंगा. दहाला बहिणीची भाजीवाली. दोनला शेजारच्या शाळेची घंटा. संध्याकाळी समोरच्या विहारात वंदना. मी प्रत्येकाखाली 'नाही तर' लिहिलं. तुम्ही एकेक ओळ तपासलीत. "भाजीवाली सोमवारी येत नाही," म्हणालात. मी दुरुस्त केलं. आणि तेव्हा, कागद हातात धरून, तुम्ही सहज म्हणालात, "याच्या मागे राजीनामा नाही ना लिहिलेला?"

मी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचायची असते वसंता. फार्मासिस्ट आहे मी."

एवढी वर्षं माहीत असून तुम्ही बोलला नाहीत. मी थांबलो, याबद्दल तुम्ही कधी आभार मानले नाहीत, आणि मला वाटायचं, हिला काय कळणार. आता मला आभार मानायचे आहेत आणि तुम्ही ऐकायला नाही. तुम्ही मला त्या काउंटरच्या आत घेतलंत, अक्का. तेच म्हणायचं होतं. तिथे बहिणीसमोर, पेला हातात धरून, म्हणता आलं नाही.

दर शनिवारी मी यायचो. शेवटच्या शनिवारी सकाळी दहाला भाजीवाली आली, तुम्ही औषध घेतलंत, मी पाऊण तास थांबून खुर्ची ओढून बसलो. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "मोजतोयस का?" मी म्हटलं हो. अर्धा तास गेला. "किती?"

"एकदाही नाही."

"नीट मोजलंस?"

"नीट मोजलं."

तुम्ही हसलात. त्या हसण्यात मला त्या परवान्यापेक्षा, त्या लग्नातल्या भरितापेक्षा मोठी जीत दिसली. ज्या दुखण्याला तुम्ही जन्मभर हुसकत होतात, त्यानं शेवटी तुमच्या घरात यायचं धाडस केलं आणि तुम्ही त्याला उंबऱ्यावरच थोपवलंत. सोमवारी सकाळी भोंगा झाला, बहिणीनं औषध दिलं, तुम्ही चहा मागितलात, आणि चहा येईपर्यंत गेलात. बहीण म्हणते, कपाळावर एक आठी नव्हती. मी फोन ठेवला आणि औषधखोलीत आत जाऊन मोठ्यानं रडलो. मग तोंड धुऊन बाहेर आलो. व्हरांड्यात माणसं बसली होती.

आज सकाळी शिरपूरकडची एक बाई आली. नवऱ्याचा जबडा. डॉक्टरांनी पहिली बाटली लिहिली. कपाटाची किल्ली आता माझ्याकडे असते. बाटली भरली, सोनामुखीच्या गोळ्या मोजल्या, पोटाचं विचारलं, बाईनं पदर तोंडाला लावला. मग तिला समोर बसवलं, कोरी चिठ्ठी घेतली आणि तुमच्या अहिराणीत विचारलं. तुम्ही असतात तर डोळे मिटले असतेत, पण बाईला कळलं.

"तुमना गावमा दुपारले काय व्हस?"

"दोननी गाडी येस."

"आन् गाडी नही उनी तं?"

ती जरा विचारात पडली. "मंग शाळानी घंटा व्हस."

मी दोन्ही लिहिलं. गाडीचं चित्र काढलं, घंटेचं काढलं. ती उठायला लागली. मी तिला परत बसायला सांगितलं.

"आन् रइवारले?"